सरासरी तीस टक्के, तरी पॅकेट गळतात: रांग नेमकी कुठे लागते?

प्रश्न असा आहे. ४८ पोर्टचा स्विच, प्रत्येक पोर्ट सेकंदाला १० गिगाबिटचा. त्याला सर्व्हर जोडलेले, त्यातले बरेच स्टोरेजचे. आलेखात कुठलाही पोर्ट ३० टक्क्यांच्या वर जात नाही, पण आउटपुट ड्रॉपचा, म्हणजे बाहेर जाताना टाकून दिलेल्या पॅकेटांचा काउंटर रोज वाढतो. मोठ्या बफरचा, म्हणजे पॅकेट थोपवून ठेवायला जास्त मेमरी असलेला स्विच घ्यावा का? आणि शिकताना वाचलेली ५८.६ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे काही स्विच त्यापुढे भरताच येत नाहीत ही, इथे आड येते आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे: नाही, तुमच्या स्विचला ती लागू होत नाही. पण ती का लागू होत नाही हे नीट कळलं, तरच पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटेल. मी बरीच वर्षं स्विच चिपच्या ट्रॅफिक मॅनेजरवर, म्हणजे रांगा आणि बफर सांभाळणाऱ्या भागावर काम केलं, नंतर मोठी नेटवर्क चालवणाऱ्यांच्या बाजूला आलो. दोन्हीकडे बफर किती एमबीचा हे पहिल्या पाच मिनिटांत विचारलं जातं. रांग कुठे लागते आणि ती पुढे कोण सरकवतं, हे विचारायला आठवडे जातात. तुमच्या काउंटरचं कोडं सुटेल ते या दुसऱ्या प्रश्नातून.

आधी आलेखाचं बघू. तो बहुधा पाच मिनिटांनी एकदा काउंटर वाचतो आणि दोन वाचनांमधला फरक ३०० सेकंदांनी भागतो. आता एक प्रसंग हिशेबाने मांडतो. एका सर्व्हरने ३२ स्टोरेज सर्व्हरकडे एकाच वेळी मागणी केली आणि प्रत्येकाने ६४ केबीचं उत्तर तत्काळ धाडलं. १० गिगाबिटच्या पोर्टावर ६४ केबी यायला साधारण ५२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात स्विचमध्ये २ एमबी शिरतात, आणि ज्या एका पोर्टातून हे सगळं बाहेर जायचं आहे तिथून जेमतेम ६४ केबी बाहेर पडतात. उरलेल्या ३१ उत्तरांएवढा डेटा रांगेत उभा. ती रांग पूर्ण उपसायला आणखी १.६ मिलिसेकंद. बस, एवढ्यात खेळ संपला. पाच मिनिटांच्या सरासरीत हा प्रकार एका टक्क्याच्या हजाराव्या भागाइतकाही उमटत नाही. पोर्ट ३० टक्के वापरात आहे याचा अर्थच मुळी असा की काही क्षण तो शंभर टक्के भरलेला असतो आणि बाकीचे क्षण पूर्ण मोकळा. वायरवर त्या घडीला एक तर फ्रेम (वायरवरचं पॅकेट) जात असते, नाही तर नसते.

या प्रकाराला इनकास्ट म्हणतात. स्टोरेज असलेल्या नेटवर्कमध्ये सरासरी कमी आणि ड्रॉप जास्त दिसले की माझा पहिला संशय इथेच जातो.

आता तुम्ही म्हणाल, चिपमध्ये १२ एमबी बफर आहे, मग २ एमबी का मावू नयेत? इथेच बहुतेकांची गफलत होते. ते १२ एमबी सगळ्या पोर्टांचे सामाईक असतात आणि कुठल्याही एका रांगेला ते सगळे मिळत नाहीत. १९९८ साली चौधरी आणि हाने यांनी एक अतिशय देखणी युक्ती मांडली, ती आजही जवळपास प्रत्येक सामाईक बफरच्या चिपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. नियम असा: कुठल्याही रांगेची कमाल लांबी म्हणजे त्या क्षणी मोकळा असलेला बफर गुणिले अल्फा. अल्फा हा तुम्ही ठरवायचा आकडा. बफर मोकळा असेल तर मर्यादा सैल, भरत आला की सगळ्यांची मर्यादा आपोआप आवळते. कुणाचा हिशेब ठेवायला नको, एक वजाबाकी आणि एक बिटांची सरकवासरकव एवढ्यात काम होतं.

पण हा नियम आकड्यांत घालून पाहा. समजा अल्फा १/८ आहे. एकच रांग वाढते आहे, बाकी स्विच शांत. ती वाढते तसा मोकळा बफर कमी होतो, आणि दोघं जिथे भेटतात ती जागा निघते एकूण बफरच्या नवव्या हिश्शावर. १२ एमबीचा नववा हिस्सा १.३३ एमबी. म्हणजे आपला २ एमबीचा लोंढा आला की साडेसहाशे केबीच्या आसपास डेटा टाकून दिला जाईल, आणि त्याच क्षणी साडेदहा एमबीहून जास्त बफर रिकामा पडलेला असेल. अल्फा १ केला तर त्याच एकट्या रांगेला अर्धा बफर, म्हणजे ६ एमबी मिळतील आणि एकही पॅकेट गळणार नाही. एका आकड्याचा फरक.

मग सगळे अल्फा मोठाच का ठेवत नाहीत? कारण मोकळी ठेवलेली जागा फुकट गेलेली नसते. ती उद्या अचानक येणाऱ्या दुसऱ्या रांगेसाठी राखलेली असते. अल्फा ८ ठेवला तर एकटी रांग नऊपैकी आठ हिस्से बळकावते. तिच्यानंतर मिलिसेकंदभराने भलत्याच पोर्टावर छोटासा लोंढा आला की त्याला जागा नाही, आणि ज्याचा काही संबंध नाही असा सर्व्हर पॅकेट गमावून बसतो. अल्फा १ असताना दहा रांगा एकदम भरल्या तर प्रत्येकीला अकरावा हिस्सा मिळतो आणि एक हिस्सा मोकळा राहतो. अल्फा ८ असताना मोकळा राहतो फक्त एक्क्याऐंशीवा हिस्सा. हा निर्णय तुमच्या रहदारीचा आहे. कारखान्यातून आलेला आकडा तुमची रहदारी पाहून ठरवलेला नसतो, आणि माझ्या अनुभवात नव्वद टक्के ठिकाणी त्याला कुणी हात लावलेला नसतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. बफरमध्ये पॅकेट आहे तसं ठेवत नाहीत. त्याचे साधारण दोनशे बाइटचे सेल करतात, आणि ६४ बाइटचं पॅकेटसुद्धा अख्खा सेल अडवतं. लहान पॅकेटांची रहदारी असेल तर १२ एमबीचा बफर प्रत्यक्षात चारेक एमबीचा होऊन बसतो.

आता ५८.६ टक्क्यांकडे. हा आकडा १९८७ साली कॅरोल, ह्लुचिज आणि मॉर्गन यांनी सिद्ध केला. नेमका सांगायचा तर २ वजा २ चं वर्गमूळ. मला आजही तो फार आवडतो, कारण अगदी साध्या रचनेतून तो येतो. रांगा आत येणाऱ्या पोर्टावर आहेत, प्रत्येक पोर्टावर एकच रांग, आणि जो पुढे त्याचाच नंबर आधी. एका पोर्टाच्या रांगेत पहिलं पॅकेट ‘अ’कडे जाणारं, त्याच्या मागचं ‘ब’कडे. दुसऱ्या पोर्टाचं पहिलं पॅकेटही ‘अ’कडेच. ‘अ’ एका वेळी एकच घेणार. पहिल्या पोर्टाचा नंबर हुकला तर ‘ब’ रिकामा असूनही त्याच्यासाठीचं पॅकेट मागे अडकून राहतं. याला हेड ऑफ लाइन ब्लॉकिंग म्हणतात.

दोन पोर्टांसाठी हिशेब कागदाशिवायही जमतो. दोन्ही रांगा कायम भरलेल्या धरा, आणि प्रत्येक नवं पॅकेट नाणं उडवून ‘अ’ किंवा ‘ब’ निवडतं असं धरा. सगळ्यांत पुढची दोन्ही पॅकेट वेगवेगळ्या दिशांची असतील तर दोन्ही सुटतात, दोन नवी येतात, आणि ती एकाच दिशेची निघण्याची शक्यता निम्मी. दोन्ही एकाच दिशेची असतील तर एक सुटतं, एक राहतं, आणि नवं येणारं राहिलेल्याच्याच दिशेचं असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. म्हणजे निम्म्या वेळा एक सुटतं, निम्म्या वेळा दोन. सरासरी दीड, दोनपैकी. ७५ टक्के. पोर्ट वाढवत नेले की हाच आकडा घसरत ५८.६ वर टेकतो.

तुमच्या स्विचमध्ये ही रचनाच नाही. त्यात सगळी पॅकेट एका सामाईक मेमरीत उतरतात आणि रांगा बाहेर जाणाऱ्या पोर्टाच्या नावाने लागतात. ‘ब’चं पॅकेट ‘अ’च्या मागे उभं राहतच नाही. सैद्धांतिकदृष्ट्या याहून चांगली रचना नाही. मग सगळे स्विच असेच का बनवत नाहीत? मेमरीच्या वेगामुळे.

इथे जरा थांबू, कारण सगळं शास्त्र या एका अडचणीतून जन्माला आलं आहे. इथरनेटची लहानात लहान फ्रेम ६४ बाइटची, आणि दोन फ्रेमांमधली सक्तीची जागा व आधीची खूण धरून ८४ बाइट. १०० गिगाबिटच्या वायरवर तिला ६.७२ नॅनोसेकंद लागतात. ३२ पोर्ट असतील तर तेवढ्या वेळात ३२ लिखाणं आणि ३२ वाचनं व्हायला हवीत. म्हणजे एका कामाला ०.१ नॅनोसेकंद. चिपमधल्या एसरॅम या वेगवान मेमरीला एका कामाला साधारण नॅनोसेकंदभर लागतो. चिपबाहेरच्या डीरॅममध्ये मनाला येईल त्या जागी उडी मारायची तर पन्नासेक नॅनोसेकंद जातात. ही दरी रुंद सेल, मेमरीचे अनेक तुकडे आणि समांतर पाइपलाइन यांनी बुजवतात, पण त्याला एसरॅमच लागते. एसरॅमच्या एका बिटाला सहा ट्रान्झिस्टर. ६४ एमबीचा बफर म्हणजे नुसत्या साठवणीचेच तीनशे वीस कोटी ट्रान्झिस्टर. म्हणून १२.८ टेराबिटच्या चिपला ६४ एमबी मिळतात, आणि सगळे पोर्ट धरून भागाकार केला तर ती जेमतेम ४० मायक्रोसेकंदांची साठवण आहे. गिगाबाइटचा बफर चिपवर का देत नाहीत, याचं उत्तर एवढंच आहे.

पोर्ट एका चिपच्या आवाक्याबाहेर गेले, चेसिस, म्हणजे अनेक कार्डं बसवलेली मोठी पेटी आली, की सामाईक मेमरी शक्य राहत नाही. पॅकेट आतल्या कार्डावरच थांबवावं लागतं. पण मग ५८.६ चं भूत परत येणार. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक आतल्या पोर्टावर एक रांग न ठेवता, बाहेरच्या प्रत्येक पोर्टासाठी वेगळी रांग ठेवणे. याला व्हर्च्युअल आउटपुट क्यू म्हणतात, बोलताना सगळे व्हीओक्यूच म्हणतात. ‘अ’ची रांग वेगळी, ‘ब’ची वेगळी, कुणी कुणाला अडवत नाही.

अडचण नाहीशी झाली नाही, पाळी ठरवणाऱ्या शेड्युलरकडे सरकली. आता प्रत्येक क्षणी ठरवावं लागतं की आतला कुठला पोर्ट बाहेरच्या कुठल्या पोर्टाशी जोडायचा. आतला एकाशीच जोडला जाईल, बाहेरचाही एकाशीच. जोड्या लावण्याचा प्रश्न आहे आणि वेळ काही दहा नॅनोसेकंदांचा. १९९३ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधकांनी तो तीन पायऱ्यांत सोडवला: आतल्यांनी मागणी करायची, बाहेरच्यांनी मागणाऱ्यांपैकी एकाला चिठ्ठी टाकून होकार द्यायचा, आणि ज्याला अनेक होकार आले त्याने एक स्वीकारायचा. एका फेरीत सुमारे ६३ टक्के जमतं, उरलेल्यांसाठी आणखी फेऱ्या. पण नॅनोसेकंदात चिठ्ठ्या टाकणं हार्डवेअरला महाग पडतं.

मग चिठ्ठीऐवजी पाळी लावावी. प्रत्येक बाहेरच्या पोर्टाने एक काटा ठेवायचा, काटा ज्याच्यावर त्याला पहिला होकार, आणि होकार दिला की काटा पुढे. सोपं वाटतं, पण दोन पोर्टांवर करून पाहा. दोन्ही रांगा भरलेल्या, आणि ‘अ’ व ‘ब’ दोघांचेही काटे आतल्या पहिल्या पोर्टावर. दोघंही त्यालाच होकार देतात. तो ‘अ’चा स्वीकारतो. ‘ब’चा होकार वाया गेला, पण काटे दोघांचेही पुढे सरकले, दुसऱ्या पोर्टावर. पुढच्या खेपेला दोघंही दुसऱ्यालाच होकार देतात, पुन्हा एकच जोडी. काटे जन्मभर हातात हात घालून फिरतात आणि स्विच ५० टक्क्यांवर अडकतो. एका रांगेच्या जुन्या रचनेपेक्षाही वाईट.

निक मॅकिओन यांच्या आयस्लिप या पद्धतीने यात बदल केला तो एका अटीचा: होकार स्वीकारला गेला तरच काटा हलवायचा. परत तोच प्रसंग घ्या. दोघांनी पहिल्याला होकार दिला, त्याने ‘अ’चा स्वीकारला. आता फक्त ‘अ’चा काटा दुसऱ्यावर गेला, ‘ब’चा पहिल्यावरच राहिला. पुढच्या खेपेला ‘अ’ दुसऱ्याला होकार देतो आणि ‘ब’ पहिल्याला. दोन्ही जोड्या जमल्या. दोघांचेही काटे सरकले, पण उलटसुलट, आणि तिथून पुढे प्रत्येक खेपेला दोन्ही जोड्या. काट्यांची फारकत झाली ती आपोआप, कुणी न सांगता, टक्कर झाल्यामुळेच. समान वाटलेल्या रहदारीला हा शेड्युलर शंभर टक्के थ्रुपुट देतो. मी पहिल्यांदा हे सिम्युलेशनमध्ये एकेक घडी पुढे सरकवत पाहिलं तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून परत पाहिलं. हार्डवेअरमध्ये एका गेटची किंमत, आणि निम्म्यावरून पूर्णावर.

रहदारी असमान असेल तर मात्र हे पुरत नाही. सिद्धांत सांगतो की प्रत्येक घडीला रांगेच्या लांबीला वजन मानून सगळ्यांत जड जोडणी निवडा, म्हणजे झेपणारी कुठलीही रहदारी पूर्ण वाहील. टॅसिउलास आणि एफ्रेमिडीस यांनी १९९२ साली रेडिओ नेटवर्कसाठी दाखवलं, पुढे १९९६ मध्ये मॅकिओन, अनंतराम आणि वालरँड यांनी स्विचसाठी. पण ती जोडणी शोधायला लागणारा वेळ पोर्टांच्या संख्येच्या घनाच्या पटीत वाढतो, त्यामुळे काही नॅनोसेकंदांत ती कुणाच्याच हाती लागत नाही. उद्योगाने रस्ता काढला तो वेगवान फॅब्रिकचा, म्हणजे कार्डांना आतून जोडणाऱ्या जाळ्याचा. फॅब्रिक वायरच्या दुप्पट वेगाने चालवलं तर साधीसुधी, जिच्यात आणखी एकही जोडी घालता येत नाही एवढंच पाहणारी जोडणीही पुरते. हे दाई आणि प्रभाकर यांनी २००० साली सिद्ध केलं. मेंदूची कमतरता वेगाने भरून काढायची, आणि हा सौदा मला कायम रास्त वाटला आहे.

प्रत्यक्षातल्या आजच्या चेसिसमध्ये बाहेरचा पोर्ट क्रेडिट, म्हणजे पाठवण्याची परवानगी वाटतो. आतल्या कार्डावरची व्हीओक्यू म्हणते ‘माझ्याकडे तुझ्यासाठी इतकं आहे’, बाहेरचा शेड्युलर आपल्या वेगाच्या हिशेबाने परवानगी देतो, आणि परवानगी मिळाली की पॅकेटचे तुकडे फॅब्रिकच्या सगळ्या वाटांवर शिंपडले जातात. परिणामी रांग आतल्या कार्डावर लागते आणि ड्रॉपही तिथेच मोजला जातो, जरी कोंडी बाहेरच्या कार्डावर असली तरी. हे लक्षात न घेतल्यामुळे आमच्या चमूने एकदा दोन रात्री घालवल्या. एका कार्डावर ड्रॉप वाढत होते म्हणून ते कार्ड बदललं. नव्या कार्डावरही तेच. तिसऱ्या दिवशी कुणीतरी व्हीओक्यूनुसार काउंटर काढले आणि दिसलं की सगळे ड्रॉप एकाच बाहेरच्या पोर्टाच्या नावावर आहेत, पलीकडच्या टोकाच्या कार्डावरच्या १० गिगाबिटच्या एका पोर्टाच्या. १०० गिगाबिटच्या कार्डावरून त्याच्याकडे बॅकअप चाललं होतं. काढून टाकलेलं कार्ड निर्दोष होतं. तुमचा स्विच एका चिपचा आहे म्हणून तुमचा आउटपुट ड्रॉप खरोखर आउटपुटचाच आहे. उद्या चेसिसवर गेलात तर काउंटर वाचण्याची सवय बदलावी लागेल.

आता बफर किती हवा. जुना नियम १९९४ सालच्या व्हिलामिझार आणि साँग यांच्या कामातून रूढ झाला: लिंकचा वेग गुणिले फेरीचा वेळ, म्हणजे पॅकेट जाऊन त्याची पोच परत यायला लागणारा वेळ. १० गिगाबिट आणि २५० मिलिसेकंदांसाठी अडीच गिगाबिट. कारण असं की टीसीपीने, म्हणजे पाठवण्याचा वेग सांभाळणाऱ्या नियमावलीने, एक ड्रॉप पाहिला की ती आपली खिडकी (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) निम्मी करते आणि थोडा वेळ गप्प बसते, तेवढा वेळ लिंक उपाशी राहू नये इतका साठा हवा. २००४ साली अॅपेनझेलर, केसलासी आणि मॅकिओन यांनी दाखवलं की लिंकवर हजारो प्रवाह (वेगवेगळी टीसीपी संभाषणं) असतील तर ते सगळे एकाच क्षणी गप्प बसत नाहीत, त्यामुळे हा आकडा प्रवाहांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागता येतो. १० हजार प्रवाह असतील तर अडीच गिगाबिटांचे २५ मेगाबिट होतात. शंभरपट कमी.

डेटा सेंटरमध्ये फेरीचा वेळ १०० मायक्रोसेकंद धरला तर हाच नियम १० गिगाबिटच्या पोर्टाला १२५ केबी सांगतो. म्हणजे टीसीपीला जागती ठेवायला तुमचा बफर कितीतरी पुरेसा आहे. तो कमी पडतो आहे इनकास्टला, आणि इनकास्टचा आकार फेरीच्या वेळेवर ठरत नाही. किती जण एकदम बोलतात यावर ठरतो. ३२ चे ६४ झाले की २ एमबीचे ४ एमबी. कुठलाही बफर यामागे धावून पुरा पडत नाही.

आणि मोठा बफर निर्धोक नसतो. १ जीबीची रांग १० गिगाबिटच्या पोर्टावर पूर्ण भरली तर शेवटचं पॅकेट ०.८ सेकंद थांबतं. ड्रॉपचा काउंटर शून्य, आणि वापरणारे हैराण. याच दुखण्याला जिम गेटिस यांनी बफरब्लोट हे नाव लोकप्रिय केलं, आणि त्यावर २०१२ साली निकोल्स आणि जेकबसन यांचा कोडेल हा रांग आवरण्याचा नियम आला. त्याची नजर योग्य जागी आहे: तो रांग किती बाइटची हे पाहत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ राहिलं हे पाहतो. ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणं सलग १०० मिलिसेकंद चालू राहिलं तर टाकायला सुरुवात. येऊन उपसला जाणारा लोंढा त्याला चालतो, मुक्कामाला आलेली रांग चालत नाही. हे आकडे इंटरनेटसाठीचे आहेत, तुमच्या रॅकसाठीचे नव्हेत, पण फरक करण्याची रीत तीच.

तुमच्या बाबतीत ड्रॉपपेक्षा महाग काय पडतं तेही सांगतो. उत्तरातलं अगदी शेवटचं पॅकेट गळलं तर त्याच्यामागे काहीच येत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला काही हरवल्याची खूण बहुधा मिळत नाही. तो टाइमआउटची वाट पाहतो, आणि लिनक्समध्ये मुद्दाम बदलला नसेल तर हा टाइमआउट किमान २०० मिलिसेकंदांचा असतो. १.६ मिलिसेकंदांत संपणारं काम दोनशेवर गेलं, एका पॅकेटपायी. ‘स्टोरेज अधूनमधून अडखळतं’ अशी तक्रार असेल आणि अडखळणं दोनशेच्या आसपास मोजलं जात असेल, तर हेच.

म्हणून माझं मत असं की पाठवणाऱ्यांना वेळेत कळवणं हा बफर वाढवण्यापेक्षा बळकट उपाय आहे. ईसीएन चालू करा: रांग ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेली की स्विच पॅकेट टाकत नाही, त्यावर खूण करतो. २०१० सालच्या डीसीटीसीपीच्या (डेटा सेंटरसाठीच्या टीसीपीच्या) कामात १० गिगाबिटसाठी हा उंबरठा ६५ पॅकेटांचा, म्हणजे शंभरेक केबीचा ठेवला होता, आणि पाठवणारा खुणावलेल्या पॅकेटांच्या प्रमाणात वेग कमी करतो, सरसकट निम्मा नाही. लांब चालणाऱ्या प्रवाहांची उभी रांग त्याने खाली बसते आणि लोंढ्यासाठी बफर मोकळा राहतो. मात्र एकाच फेरीत संपणारी ३२ उत्तरं खूण परत पोचेपर्यंत पाठवून झालेली असतात. त्यांना अल्फाच वाचवतो, किंवा मागणी करणाऱ्या प्रोग्रामने एका वेळी कमी जणांना विचारणं.

एक सल्ला तुम्हाला मिळेल, तो सावधपणे घ्या: ‘पीएफसी चालू करा, ड्रॉपच होणार नाहीत.’ २०११ च्या ८०२.१क्यूबीबी मानकाप्रमाणे रांग भरत आली की स्विच मागच्याला थांबायला सांगतो. थांबण्याचा निरोप पोचेपर्यंत वायरवरचा डेटा येतच राहतो. १०० मीटरची वायर आणि १०० गिगाबिट वेग असेल तर जाण्यायेण्याच्या एका मायक्रोसेकंदात १२.५ केबी, शिवाय अर्ध्यावर असलेल्या फ्रेमा. ही जागा प्रत्येक पोर्टाला वेगळी राखावी लागते, तीही त्याच सामाईक बफरमधून. आणि याहून मोठी गोष्ट: थांबवलं जातं ते एका प्राधान्याच्या अख्ख्या रहदारीला. एका मंद सर्व्हरसाठी मागचा स्विच थांबला की त्या स्विचवरून भलतीकडे जाणारी पॅकेटही थांबतात. १९८७ चं हेड ऑफ लाइन ब्लॉकिंग, आता एका स्विचच्या आत न राहता अख्ख्या नेटवर्कवर पसरलेलं. वाटांचं वर्तुळ जमलं तर सगळे एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबतात. आरडीएमएसाठी (एका सर्व्हरने दुसऱ्याची मेमरी थेट वाचण्यासाठी) पीएफसी लागतं तिथे मी ते वापरलं आहे, पण साध्या टीसीपीचे ड्रॉप लपवायला कधीही नाही.

बाहेरच्या पोर्टावरच्या रांगांमधला शेड्युलर तुमच्या प्रश्नात फारसा येत नाही. वजनं मांडून पोर्टाचा वेग वाढत नाही. फक्त एवढं तपासा की कडक प्राधान्याच्या रांगेत स्टोरेजची रहदारी घातलेली नाही, कारण तशी ती असेल तर खालच्या रांगा उपाशी राहून भरतात आणि ड्रॉप त्यांच्या नावावर दिसतात. बाकीच्यांसाठी डेफिसिट राउंड रॉबिन उत्तम आहे. १९९५ सालची ही पद्धत प्रत्येक रांगेला फेरीगणिक ठरावीक बाइटचा वाटा देते आणि न वापरलेला वाटा पुढच्या फेरीला जमा धरते. वाटा १५०० बाइटचा आणि पॅकेट ९००० चं असेल तर ती रांग सहाव्या फेरीला एक पॅकेट सोडेल, म्हणून जंबो फ्रेम वापरत असाल तर वाटा निदान तेवढा हवा.

आता करायचं काय. स्विचवर प्रत्येक रांगेचा कमाल लांबीचा काउंटर असतो, वॉटरमार्क म्हणतात त्याला. तो आठवडाभर दर मिनिटाला वाचून पुसत जा, आणि त्याच्या जोडीला एकूण बफर जास्तीत जास्त किती भरला तेही. रांग आपल्या मर्यादेला टेकली आणि एकूण बफर मात्र निम्माही भरला नव्हता, असं दिसलं तर अल्फा एक पायरी वर न्या, १/८ वरून १/२, मग १. प्रत्येक पायरीनंतर आठवडाभर थांबा आणि ज्या पोर्टांचे ड्रॉप थांबले त्यांच्याइतकंच लक्ष ज्यांचे कधी नव्हते त्यांच्याकडे ठेवा. तुमच्या रांगेचे ड्रॉप थांबले आणि शेजारच्या चार पोर्टांचे सुरू झाले, एकूण बफरचा वॉटरमार्कही टोकाला टेकलेला आहे, ईसीएनही चालू आहे, तर बफर खरोखर अपुरा आहे. मोठ्या बफरच्या स्विचची मागणी तेव्हा करा, आणि हे दोन वॉटरमार्क त्या मागणीला जोडा.